रक्ताची साक्ष

(मुक्या जनावरांना आपले दुखणे सांगता येत नाही. तरी पशुवैद्य त्यांचा आजार कसा ओळखतात? जनावराच्या रक्तात कोणत्या खुणा असतात? त्या खुणा वाचताना कोणती काळजी घ्यावी लागते? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत पाठात दिली आहेत.)

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. धानाच्या शेतीला जोड म्हणून अनेक घरी गाय किंवा म्हैस असते. पावसाने दगा दिला, तर दुधाचे चार पैसे घराला आधार देतात. म्हणूनच जनावर आजारी पडले, की सारे घर काळजीत पडते.

समजा, करडीतल्या एका गोठ्यात सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडली. गाय चारा खाते, पाणी पिते. अंगावर जखम नाही, ताप नाही. मग झाले तरी काय? मालक पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप देतो. डॉक्टर येतात, गाईला तपासतात आणि तिच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढून घेतात. मालकाला नवल वाटते. तो विचारतो, "डॉक्टरसाहेब, दुखणे पोटातले. रक्तात काय दिसणार?"

डॉक्टर म्हणतात, "भाऊ, गाय बोलत नाही. पण तिचे रक्त साक्ष देते."

ही साक्ष म्हणजे काय, ते आपण पाहू.

शरीरात रोगजंतू शिरले, की शरीर त्यांच्याशी लढायला तयार होते. रक्तातील पांढऱ्या पेशी या लढाईत भाग घेतात. त्यांपैकी काही पेशी एक प्रकारची प्रथिने तयार करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असते, तसे प्रत्येक जंतूसाठीचे प्रतिपिंड वेगळे असते. ते आपल्या नेमक्या जंतूलाच चिकटते. लढाई संपल्यावरही ही प्रतिपिंडे बराच काळ रक्तात राहतात. म्हणून एखाद्या जंतूची प्रतिपिंडे रक्तात सापडली, तर त्या जंतूची आणि या शरीराची गाठ पडली होती, असे समजते.

डॉक्टर काढलेले रक्त नळीत तसेच ठेवतात. थोड्या वेळाने ते गोठते आणि वर पिवळसर पाणी सुटते. त्याला रक्तजल म्हणतात. प्रतिपिंडे या रक्तजलात असतात.

गाय गाभडण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे ब्रुसेला नावाचे जिवाणू. त्यांच्यामुळे होणाऱ्या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. तो ओळखण्याची एक चाचणी फार सोपी आहे. मेलेल्या ब्रुसेला जिवाणूंना गुलाबी रंग दिलेला असतो. त्यांचा एक थेंब आणि गाईच्या रक्तजलाचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर किंवा काचपट्टीवर मिसळतात. रक्तजलात ब्रुसेलाची प्रतिपिंडे असतील, तर ती जिवाणूंना एकमेकांशी बांधतात आणि सुमारे चार मिनिटांत गुलाबी गुठळ्या दिसू लागतात. प्रतिपिंडे नसतील, तर मिश्रण सारखेच राहते. गुठळ्या दिसल्या, तर दुसरी चाचणी करून खात्री करून घेतात.

दुधातही ही प्रतिपिंडे उतरतात. गावाच्या दूध संकलन केंद्रावर अनेक जनावरांचे दूध एकत्र होते. त्यातले थोडे दूध नळीत घेऊन त्यात रंगवलेल्या मृत जिवाणूंचा थेंब टाकतात आणि नळी तासभर उबेत ठेवतात. दुधात प्रतिपिंडे असतील, तर ती जिवाणूंना साईच्या कणांशी जोडतात. साय वर येते, तेव्हा रंगही तिच्याबरोबर वर येतो. पांढऱ्या दुधावर निळे कडे दिसते. मग कोणत्या गोठ्यात रोग आहे, ते एकेक जनावर तपासून शोधता येते.

ही तपासणी एवढी महत्त्वाची का? कारण हा रोग माणसालाही होतो. रोगी जनावराचे कच्चे दूध प्यायल्याने किंवा गाभडलेले वासरू व वार उघड्या हातांनी उचलल्याने जिवाणू माणसाच्या शरीरात शिरतात. मग वारंवार ताप येतो, खूप घाम सुटतो आणि सांधे दुखतात. म्हणून दूध उकळूनच प्यावे. गाभडलेले वासरू व वार हातमोजे घालून उचलावी आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

गाईच्या या रोगावर खात्रीचा इलाज नाही. अशा वेळी काही जणांना मोह होतो. गाय धडधाकट दिसते, तर गुपचूप बाजारात विकावी, असे त्यांना वाटते. पण त्यामुळे रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो आणि त्याच्या लेकराबाळांनाही धोका होतो. म्हणून अशी गाय वेगळी बांधावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वागावे.

रोग होऊ नये, म्हणून मात्र उपाय आहे. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना तिला एकदाच लस टोचतात. पण लस दिल्यावरही रक्तात प्रतिपिंडे तयार होतात! मग ती लशीची की रोगाची, हे कसे ओळखावे? लहान वयात लस दिली, तर कालवड मोठी होईपर्यंत ही प्रतिपिंडे बहुधा ओसरतात. लहान वयात लस देण्याचे हे एक कारण आहे. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्लाही येथे उपयोगी पडतो. त्या क्रमांकावरून जनावराला कोणती लस केव्हा दिली, ते पाहता येते. साक्षीदार खरे बोलत असला, तरी आधी काय घडले हे ठाऊक नसेल, तर त्याच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा लागू शकतो. रक्ताच्या साक्षीचेही तसेच आहे.

या गोष्टीचे सर्वांत मोठे उदाहरण बुळकांडी रोगाचे आहे. या विषाणूने एके काळी गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पाडली. जनावराला तीव्र ताप येई, तोंडात व्रण पडत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत ते मरे. बैल गेले, की नांगर थांबे. जनावरांच्या अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठी 1889 साली आपल्या पुण्यात एक प्रयोगशाळा सुरू झाली. हे जंतू बाहेर पसरू नयेत, म्हणून 1893 साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

बुळकांडीच्या लशी तयार झाल्या. 1954 साली देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली. रोग हळूहळू मागे हटला. आपल्या देशातील त्याची शेवटची साथ 1995 साली नोंदवली गेली. पण रोग खरोखर गेला, की कोठे लपून बसला, हे कसे कळावे? लस टोचलेल्या सर्वच जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. मग शास्त्रज्ञांनी धाडसाचा मार्ग घेतला. त्यांनी लस देणे थांबवले आणि त्यानंतर जन्मलेल्या जनावरांचे रक्त तपासायला घेतले. त्या जनावरांना लस मिळालेली नव्हती. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली असती, तर विषाणू अजून फिरत आहे, असे ठरले असते. गावोगावचे रक्तनमुने तपासले गेले. 2006 साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 साली सारे जग. देवीच्या रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून हद्दपार केलेला हा दुसराच रोग आहे.

प्रतिपिंडे वासराला आईकडूनही मिळतात. माणसाच्या बाळाला ती जन्मापूर्वीच आईच्या रक्तातून मिळतात. गाईच्या वासराला मात्र तशी मिळत नाहीत. जन्मताना ते जवळजवळ निःशस्त्र असते. आईच्या चिकात ही प्रतिपिंडे भरलेली असतात. पण वासराचे आतडे ती पहिल्या दिवसापुरतीच आत घेऊ शकते आणि ही ताकद तासातासाला कमी होत जाते. म्हणून वासराला जन्मल्यावर लवकरात लवकर, पहिल्या काही तासांतच, पोटभर चीक पाजावा. चिकाचा खरवस आपल्याला आवडतो, पण त्यावर पहिला हक्क वासराचा आहे.

आता रक्तगटाचे पाहू. माणसाचे ए, बी, एबी आणि ओ हे गट तुम्हांला ठाऊक आहेत. जनावरांनाही रक्तगट असतात. मांजरात ए, बी आणि एबी असे तीन गट मुख्य आहेत. गाईबैलांत तर रक्तगटांच्या अकरा पद्धती आहेत. गोचिडांच्या तापाने गाय फार अशक्त झाली, तर तिला दुसऱ्या गाईचे रक्त देता येते. पहिल्या वेळी बहुधा त्रास होत नाही. पण त्या परक्या रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. काही दिवसांनी तेच रक्त पुन्हा दिले, तर तिच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून देणाऱ्या गाईच्या तांबड्या पेशी आणि घेणाऱ्या गाईचे रक्तजल आधी एकत्र करून पाहतात. गुठळ्या झाल्या, तर ते रक्त देत नाहीत.

गाईंच्या रक्तगटांतून माणसाच्या उपयोगाचे ज्ञानही मिळाले. गाईची जुळी वासरे पोटात असताना त्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात. 1945 साली अमेरिकेतील रे ओवेन या शास्त्रज्ञाने दाखवले, की अशा जुळ्यांपैकी प्रत्येकाच्या शरीरात दोघांचेही रक्त नांदते. जन्मापूर्वी ओळख झाली, तर शरीर परक्यालाही आपले मानते, हे यावरून लक्षात आले. पुढे याच वाटेने झालेल्या संशोधनासाठी बर्नेट आणि मेडावार यांना 1960 साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका शरीराचा अवयव दुसऱ्या शरीरात कसा टिकेल, या विचाराला त्यातून चालना मिळाली.

करडीच्या त्या गोठ्यात परत जाऊ या. डॉक्टरांच्या हातात रक्ताची लहानशी नळी आहे. तिच्यातून गाईचे दुखणे कळेल, शेजारच्या गोठ्यातील जनावरे वाचतील आणि घरातील मुलांचे आरोग्यही जपले जाईल. मुके जनावर आपल्या परीने साक्ष देते. ती वेळेवर ऐकणे आणि तिचा नीट अर्थ लावणे, हे आपले काम आहे.

शब्दार्थ
साक्ष – पाहिलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून केलेले कथन
गाभडणे – दिवस पूर्ण होण्यापूर्वीच जनावराचा गर्भ पडणे
कालवड – गाईचे मादी वासरू
वार – गर्भाला वेढणारे आवरण
चीक – व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध
हद्दपार करणे – सीमेबाहेर घालवणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रतिपिंडे रक्ताच्या कोणत्या भागात असतात?
(आ) दुधात ब्रुसेलाची प्रतिपिंडे असतील, तर चाचणीत काय दिसते?
(इ) सारे जग बुळकांडीमुक्त केव्हा ठरले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वासराला पहिल्या काही तासांतच चीक पाजावा.
(आ) बुळकांडी गेली की नाही हे पाहण्यासाठी लस देणे थांबवले.

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : दगा देणे, नवल वाटणे, चालना मिळणे.

प्र. ४. पुढील शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा : साक्ष, गोठा, चीक, प्रयोगशाळा.

उपक्रम : जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला भेट द्या. जनावरांना कोणत्या लशी केव्हा देतात, याची माहिती मिळवून मराठीत दहा ओळी लिहा.