जुन्या हातकरवतींवरील पोलादाच्या शिक्क्यांचा अर्थ

बारा बलुतेदारांपैकी सुताराचे प्रमुख हत्यार म्हणजे करवत होय. ब्रिटिश काळात भारतात आलेल्या विलायती करवतींच्या पात्यांवर 'कास्ट स्टील' असा शिक्का आढळतो. 'कास्ट' म्हणजे ओतीव; म्हणून असे पाते बिडाचे, अर्थात ठिसूळ असावे, असा गैरसमज होऊ शकतो. वस्तुतः बिडात कार्बनचे प्रमाण 2 टक्क्यांहून अधिक, तर करवतीच्या पोलादात 1 टक्क्याच्या आसपास असते. त्यामुळेच तिचे दात न तुटता आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकविता येतात.

1740 च्या दशकात शेफील्ड परिसरात बेंजामिन हंट्समन यांनी पोलाद मुशीत वितळवून एकजिनसी करण्याची पद्धत विकसित केली. 'कास्ट स्टील' हा शिक्का या प्रक्रियेचा निदर्शक आहे. मुशीतील पोलाद दख्खनला मात्र पूर्वीपासून परिचित होते. बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता, त्याच संस्थानातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे वूट्झ पोलादाचे ख्यातनाम केंद्र होते.

इतर शिक्के तितके विश्वसनीय नाहीत. 'जर्मन स्टील' हा सामान्यतः कमी प्रतीच्या पोलादाचा निर्देश असून ते जर्मनीचेच असेल असे नाही. 'सिल्व्हर स्टील' या नावावरून पोलादात चांदी असल्याचे सिद्ध होत नाही. मुठीवरील 'वॉरंटेड सुपीरियर' हे पदक तर अनेक उत्पादक वापरीत. त्यावरून निर्माता ओळखता येत नाही.

सारांश, शिक्का हा प्रक्रियेचा किंवा केवळ जाहिरातीचा निर्देश असतो. वाकविलेले पाते पुन्हा सरळ होणे, हीच त्याच्या गुणवत्तेची खरी कसोटी होय. जुनी करवत भंगारात देण्यापूर्वी ही कसोटी घेणे इष्ट ठरेल.