‘त्यावर’ आणि ‘त्याच्यावर’

मराठीत नामाला शब्दयोगी अव्यय जोडताना त्या नामाचे सामान्यरूप होते: घर, घरावर, झाड, झाडाखाली. सर्वनामांची रीत वेगळी आहे. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या ‘माझा’, ‘तुझा’ या षष्ठ्यन्त रूपांचे सामान्यरूप करून त्यास अव्यय जोडतात: माझ्यावर, तुझ्याजवळ. ‘मजवर’, ‘तुजकडे’ ही जुन्या गद्यातील रूपे आता क्वचितच आढळतात.

‘तो’, ‘ते’ यांच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग आजही खुले आहेत. नागपूरजवळच्या वाडीत कोणी म्हणाले, “शेजाऱ्याने बातमी सांगितली, पण त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही,” तर अविश्वास बातमीवर आहे. ‘त्याच्यावर’ म्हटले, की तो शेजाऱ्यावर जातो. ‘त्याच्यावर’ हे रूप वस्तूलाही चालते. परंतु ‘त्यावर’ हे आजच्या भाषेत सहसा व्यक्तीला लावीत नाहीत. शिवाय ‘बातमी’ हा शब्द स्त्रीलिंगी असूनही येथे ‘तिच्यावर’ म्हणावे लागत नाही. ‘त्यावर’ या रूपाने सांगितलेल्या सर्व मजकुराचा निर्देश होतो व लिंगभेद मागे पडतो.

डच भाषेत हाच भेद अधिक नियमबद्ध झालेला आहे. ‘त्याच्यावर’ या अर्थी, व्यक्तीविषयी, ‘ऑप हेम’ म्हणतात. वस्तूविषयी बोलताना सर्वनामाऐवजी ‘एर’ किंवा ‘दार’ हे स्थलवाचक शब्द येऊन ‘एरॉप’, ‘दारॉप’ अशी जोडरूपे होतात. त्यांतही लिंगभेद उरत नाही. सहार्थी ‘मेत’ हे अव्यय तर या जोडणीत ‘मे’ असे रूप घेते: ‘दारमे’, म्हणजे त्यासह, त्याने. डचमध्ये या जोडीचे दोन घटक वाक्यात दूर जाऊ शकतात. “त्याविषयी मला काही ठाऊक नाही” या अर्थाच्या वाक्यात ‘दार’ आरंभी व ‘फान’ शेवटी येतो. मराठी अव्यय मात्र आपल्या सर्वनामास सोडून जात नाही.

या तुलनेचा उपयोग बोलींच्या विचारातही होतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी यांची मराठीच्या बोली म्हणून नोंद आहे. या बोलींतील ‘माह्याजवळ’, ‘तुह्यासंगं’ ही रूपे वर्गात पुष्कळदा अशुद्ध ठरविली जातात. वस्तुतः त्यांतही षष्ठ्यन्त रूपाच्या सामान्यरूपालाच अव्यय जोडलेले आहे. प्रमाण मराठीहून निराळा आहे तो उच्चार. नियम एकच आहे. नियम पाळणाऱ्या विद्यार्थ्याला व्याकरण येत नाही असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.