दाढीचं मशीन टिकतं कशामुळे? झिंक, पितळ आणि स्टीलचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ नसतो पण बसमध्ये वाचायला जमतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. मधली "अं, म्हणजे" तेवढी गाळलीत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी विचारलेला. "भाऊ, तो भारीतला धातूचा रेझर घ्यावा का? आयुष्यभर टिकतो म्हणतात." उत्तर द्यायच्या आधी घरातली एक गोष्ट सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर मी पैसे घालवून शिकलोय.

भाऊबीज आणि एम-सील

विष्णुपुरीला बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारातून बाबांसाठी एक चकचकीत सेफ्टी रेझर मागवला. दोन हजार दोनशे रुपये. डबा असा, की त्यात दागिना ठेवावा. जाहिरातीत "प्रीमियम मेटल" लिहिलेलं. कोणतं मेटल, ते मी विचारलंच नाही. इंजिनिअर असून!

अडीच वर्षांनी भाऊबीजेला आम्ही सगळे नांदेडहून लातूरला मामाकडे गेलो. सकाळी बाबांच्या पिशवीत साबण शोधताना तो रेझर हाताला लागला. आट्यांचा बोल्ट टोपीपासून तुटलेला, आणि एम-सील लावून परत चिकटवलेला. टोपीवर पांढरे फोड.

म्हटलं, "बाबा, हे कधी झालं?"

"झाले असतील दोन-तीन महिने. माझ्याच हातून जोरात पिळलं गेलं असंल. तू पहिल्या पगाराचं आणलं होतंस, म्हणून सांगितलं नाही."

तेवढ्यात मामा आतून ओरडला, "दाजी, माझं मशीन घ्या की! लाजायलात काय?"

मामाचं मशीन म्हणजे माझ्या आजोबांचं. वरचा मुलामा बऱ्याच ठिकाणी उडून आतलं पिवळं पितळ दिसतंय. पण आटे असे बसतात, की वाटावं काल घेतलंय. त्या दिवशी डोक्यात किडा शिरला: चूक बाबांच्या हाताची, की धातूची?

झामॅक: आतून जस्त, वरून चकाकी

बाजारातले बरेच धातूचे रेझर झामॅकचे असतात. हे नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय: झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कुप्फर म्हणजे तांबं. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं, नावापुरतं मॅग्नेशियम आणि बाकी सगळं जस्त. ते ४०० अंशाच्या आतच वितळतं. त्यामुळे साच्यात दाबून पटापट तुकडे काढता येतात, कोपरे सुबक येतात आणि खर्च कमी लागतो. नळाच्या चकत्या, खेळण्यातल्या गाड्या, दाराच्या मुठी यात ते सर्रास वापरतात. म्हणजे झामॅक हा काही फसवा धातू नाही. पण तो उघडा ठेवता येत नाही. म्हणून वर तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमचा मुलामा चढवतात.

इथे आपल्या घरातलं उदाहरण घ्या. जस्ती पत्रा सगळ्यांनी बघितलाय. त्यात जस्त बाहेर आणि लोखंड आत. पत्र्यावर ओरखडा गेला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. रेझरमध्ये नेमकं उलटं असतं. जस्त आत, आणि त्याच्यापेक्षा कमी झिजणारे धातू बाहेर. मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, पाणी आत गेलं, की सगळा मारा त्या एका जागच्या जस्तावर होतो. जस्ताचा पांढरा भुगा तयार होतो, तो फुगतो आणि वरचा मुलामा उचलतो. बाबांच्या रेझरवरचे फोड ते हेच.

दुसरी गोष्ट आट्यांची. रेझर घट्ट पिळून ठेवला की बोल्टवर सतत ताण राहतो. जस्ताचे मिश्रधातू असा कायमचा ताण असला की साध्या तापमानालाही हळूहळू ताणले जातात. त्यात आट्यांच्या खाचेत पाणी साचून धातू खाल्ला गेला, की एक दिवस बोल्ट तुटतोच. बाबांनी पिळलं ते निमित्त झालं.

पितळ: आजी बरोबर होती

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रेझरसारख्या वस्तूंना चालणाऱ्या पितळात तांबं साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असतं. ते काळं पडतं, हिरवटतं, ताक ठेवलं तर कळकतं, पण फुगून फुटत नाही.

लहानपणी दारात कल्हईवाला यायचा ते आठवतंय? भांड्याची कल्हई गेली तर आजी भांडं फेकायची नाही, परत कल्हई करून घ्यायची. पितळी रेझरचं तसंच आहे. वरचा मुलामा गेला तर दिसायला जुनाट होतो, कामाला नाही. झामॅकमध्ये मुलामा गेला तिथून शेवट सुरू होतो. सगळा फरक या एका वाक्यात आहे. म्हणूनच जगभरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पितळी रेझर आजही रोज वापरात आहेत.

स्टेनलेस स्टील: आकड्यांचा घोळ

स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की ते स्टेनलेस. हवा लागली की क्रोमियमचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तर तो थर स्वतःच परत येतो. वेगळ्या मुलाम्याची गरजच नाही.

आता जाहिरातीतले आकडे. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आपल्या घरातल्या चांगल्या भांड्यांचं स्टील. ३०३ मध्ये गंधक जास्त घालतात, म्हणजे ते लेथवर सहज कापलं जातं, पण गंज रोखायची ताकद थोडी कमी होते. ३१६एल मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. क्लोराईडवाल्या पाण्यात, म्हणजे समुद्राकाठी वगैरे, ते जास्त तग धरतं. "एल" म्हणजे कार्बन कमी. बाथरूममधल्या रेझरला, पुसून ठेवणार असाल तर, ३०४ पुरेसं आहे.

टायटॅनियम गंजत नाही आणि हलकंही असतं, पण कापायला अवघड, म्हणून महाग. टिकण्यासाठी म्हणाल तर स्टीलपेक्षा वेगळं काही हाती लागत नाही. ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंगचा थर असतो. त्याला कपड्याचा सोडा किंवा भांड्याची पावडर अजिबात लावू नका, तो थर खाल्ला जातो.

आपलं पाणी

आता मराठवाड्याचा मुद्दा. बोअरचं पाणी आपल्याकडे जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या नांदेडच्या कॉलनीत बोअरच आहे, बादलीवर पांढरा थर बसतो.

पण एक गैरसमज काढा. कॅल्शियम स्वतः धातू खात नाही. क्षार आणि साबणाचा राप पत्तीखालच्या फटीत बसतो आणि तिथली ओल धरून ठेवतो. खरं काम क्लोराईड आणि ती ओल करते.

मग लोक काय करतात? राप काढायला रेझर व्हिनेगर नाहीतर लिंबात रात्रभर बुडवतात. मीच बाबांना फोनवर हे सांगितलं होतं! स्टीलला दहा-पंधरा मिनिटं चालतं. झामॅकच्या मुलाम्याला भोक असेल तर आम्ल थेट जस्ताला लागतं. म्हणजे त्या बोल्टच्या मरणात माझाही वाटा आहे.

आणि मामाचं मशीन का टिकलं? २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वॅगन, ५ लाख लिटर. मामा तेव्हा अर्ध्या ग्लासात दाढी करायचा. मशीन धुवायला पाणी कुठलं? पत्ती काढायची, तिन्ही भाग जुन्या पंच्यानं कोरडे पुसायचे आणि सुटे ठेवायचे. ती सवय आजही आहे. चांगलं पितळ आणि कोरडा पंचा, एवढंच त्याचं गुपित.

घरच्या घरी धातू ओळखा

लोहचुंबकावर विसंबू नका. झामॅक आणि पितळाला ते चिकटत नाही, ३०४ आणि ३१६ ला पण सहसा नाही. त्यापेक्षा घनता मोजा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा लागेल.

१. रेझरचा एक भरीव भाग कोरडाच तोला.
२. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा.
३. तो भाग दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला, कडेला लागू देऊ नका, बुडबुडे झटका.
४. आता दिसेल त्या आकड्यानं पहिल्या वजनाला भागा.

उत्तर ६.७ च्या आसपास आलं तर झामॅक, ८ तर स्टेनलेस स्टील, ८.५ तर पितळ, ४.५ तर टायटॅनियम, २.७ तर ॲल्युमिनियम. समजा ८४ ग्रॅमचा दांडा आहे आणि काट्यावर १० दिसलं, तर ८.४, म्हणजे पितळ. १२.५ दिसलं तर ६.७, म्हणजे झामॅक. पोकळ दांड्यात हवा राहिली तर मात्र उत्तर चुकतं. बाबांच्या दांड्याचं उत्तर ६.६ आलं.

मग घ्यायचं काय?

साधा हिशोब. समजा सहा हजारांचा स्टीलचा रेझर वीस वर्षं चालला, तर वर्षाला ३०० रुपये. सहाशेचा झामॅक तीन वर्षं चालला, तर वर्षाला २००. म्हणजे स्वस्त झामॅक घेणारा येडा नाही. फसतो तो, जो स्टीलच्या भावात झामॅक घेतो. जसा मी. म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: टोपी, प्लेट आणि दांडा, तिन्ही कशाचे आहेत? बऱ्याचदा दांडा स्टीलचा आणि डोकं झामॅकचं असतं, आणि तुटतं ते डोकंच.

एक लक्षात ठेवा, दाढी गुळगुळीत होते ती पत्तीमुळे. पत्तीचं स्टील वेगळं, कडक, साधारण १३ टक्के क्रोमियमचं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की स्टीलपेक्षा ५० पट मऊ असलेला केससुद्धा पत्तीच्या धारेचे टवके काढू शकतो. म्हणजे हजारोंचा रेझर घेतला तरी पत्ती बदलावीच लागणार. जुन्या पत्त्या डब्यात बंद करून टाका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.

बाबांना यावेळी पितळी रेझर आणलाय, आधी काट्यावर तोलून. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "आधी बिल दाखव." मग न सांगता आत जाऊन जुना पंचा घेऊन आले.

तुमच्या घरात आजोबांचं मशीन असेल तर मोजा, आणि आकडा व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला. येतो!