मध्यममार्गी मतदार पाठ कां फिरवितो?

पक्षाचा पराभव झाला म्हणजे त्याचें खापर विरोधकांच्या कपटावर फोडण्याची वहिवाट जुनीच आहे. परंतु पुष्कळदां पक्षास पाडणारा हात विरोधकाचा नसून, कालपरवांपर्यंत त्यासच मत देणाऱ्या सौम्य वृत्तीच्या मतदाराचा असतो. आमचा मावळ तालुका पाहा.

लोणावळें-तळेगांवासह मावळची विधानसभेची जागा १९९५ पासून २०१४ पर्यंत सलग ५ निवडणुकांत भारतीय जनता पक्षानें जिंकली. मध्यंतरीं ता. ९ ऑगस्ट २०११ रोजीं, पवनेचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांवर बऊर येथें पोलिसांनीं गोळीबार केला व तिघांचा बळी गेला. त्या वेळीं राज्यांत काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचें सरकार होतें. राष्ट्रवादीस मावळचें दार कायमचें बंद झालें, असेंच कोणीही म्हटलें असतें.

पण घडलें निराळेंच. मे २०१९ मध्यें मावळ लोकसभा मतदारसंघांत शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांनीं राष्ट्रवादीच्या पार्थ पवारांस २ लाखांहून अधिक मतांनीं हरविलें; आणि त्याच वर्षीं विधानसभेस, उमेदवारी न मिळाल्यामुळें भाजप सोडून राष्ट्रवादींत आलेले सुनील शेळके यांनीं राज्यमंत्री बाळा भेगडे यांचा ९० हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला. २०२४ सालीं तर राज्यभर एकमेकांस पाण्यांत पाहणारे एका मांडवांत आले. शेळके महायुतीचे उमेदवार. तरी त्यांच्याविरुद्ध अपक्ष बापू भेगडे यांच्यामागें महाविकास आघाडी उभी राहिली, आणि महायुतींतीलच स्थानिक भाजपचे पुढारीही. शेळके १ लाखाहून अधिक मतांनीं विजयी झाले.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत 'मध्यम' नांवाचा राजा वर्णिला आहे. तो दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सीमेलगतचा, दोघांसही साह्य करण्यास आणि ते विभक्त असतां त्यांचा निग्रह करण्यास समर्थ असतो. मध्यममार्गी मतदार हा लोकशाहींतील 'मध्यम' होय, असें आम्हांस वाटतें. त्यास पाणी, रस्ता, दवाखाना यांविषयीं उत्तर हवें असतें. पक्ष त्यास शत्रु कोण एवढेंच सांगतो. पुढें त्याच शत्रूस आलिंगन दिलेलें दिसलें, म्हणजे त्याचा विश्वास उडतो. तो भांडत नाहीं. मुकाट्यानें दुसरें बटण दाबतो.

येथवर ठीक. परंतु तो विटून घरींच बसला, तर सारें मैदान दोन टोकांच्या हातीं जातें. काका एका पक्षाचे, पुतण्या दुसऱ्याचा, आणि भ्रमणध्वनीवरील कुटुंबाच्या गटांत दोघांचा अबोला, अशीं घरें आज थोडीं नाहींत. आमच्या वाचकांनीं दोन पथ्यें पाळावींत. पंगतींत पुढाऱ्याचें नांव काढण्यापूर्वीं गांवच्या अडलेल्या कामाचें नांव काढावें, आणि मतदानाच्या दिवशीं न चुकतां घराबाहेर पडावें. पुढारी पक्ष बदलतील. काका-पुतण्यांस मात्र त्याच माजघरांत राहावयाचें आहे.