आफ्रिकेची सफारी: आधी महिना ठरवा, मग पार्क

ताडोबाला जायचं ठरलं की ग्रुपमध्ये पहिलं भांडण गेटवरून होतं. मोहर्ली घ्यायचं, कोलारा घ्यायचं की नवेगाव? आधी जाऊन आलेला कुणीतरी ठासून सांगतो, 'वाघीण पिल्लांसकट सध्या त्या बाजूला आहे, तेच बुक करा.' मे महिन्याच्या उन्हात भाजून निघायचीही आपली तयारी असते, कारण पाणी आटलं की वाघ पाणवठ्यावर येणार हे पक्कं माहीत असतं. म्हणजे जंगल कसं निवडायचं याची अक्कल आपल्याकडे आहे. पण विषय आफ्रिकेचा निघाला की ती अक्कल गुंडाळून ठेवली जाते. 'मसाई मारा करू या' एवढ्यावर चर्चा संपते आणि मग सहा जण पुढची दोन-तीन वर्षं पैसे साठवायला लागतात.

साठवा, जरूर साठवा. पहिल्या पगारातून, स्टायपेंडमधून, जमेल तसे. फक्त एवढा खर्च करून चुकीच्या महिन्यात चुकीच्या ठिकाणी उतरायचं नसेल, तर पार्कचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. पहिला प्रश्न असा: तुम्हाला सुट्टी कधी आहे?

कोरडे दिवस चांगले, हे आपलं सूत्र तिकडेही चालतं. गवत बसतं, झाडं उघडी पडतात, उरलेल्या पाण्यावर सगळे गोळा होतात. पण हे कोरडे महिने आपल्या उन्हाळ्याशी जुळत नाहीत. केनिया आणि टांझानियात मोठा पाऊस साधारण मार्च ते मे आणि छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात. खाली दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवानात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि मे ते ऑक्टोबर कोरडं. आता आपलं कॉलेजचं कॅलेंडर समोर ठेवा. परीक्षा संपल्यावरची एप्रिल-मेची सुट्टी म्हणजे केनियात चिखल, उंच गवत आणि बंद असलेले काही कॅम्प. त्या दिवसांत पॅकेज स्वस्त दिसतं ते उगाच नाही. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तर मात्र लॉटरीच. दक्षिणेकडच्या जंगलांचा तो सगळ्यात कोरडा काळ. जून महिनाही फार कामाचा, त्याकडे येतोच.

आधी ते प्रसिद्ध दृश्य उरकून टाकू. विल्डबीस्टचे लाखोंचे कळप, मगरींनी भरलेली मारा नदी, काठावरची ती घालमेल आणि मग एकदम उडी. सगळ्यांनी डॉक्युमेंटरीत पाहिलेलं. हे कळप वर्षभर गोल फिरत असतात. टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा ही नकाशावर दोन नावं असली तरी जनावरांसाठी तो एकच प्रदेश आहे, आणि त्यातला फार मोठा भाग सेरेंगेटीचा: 14,763 चौरस किलोमीटर. मारा रिझर्व्ह त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. (आणि ते नॅशनल पार्क नाही, रिझर्व्ह आहे. ते केंद्र सरकारच्या नाही तर नारोक काउंटीच्या ताब्यात आहे, म्हणून तिथले दर आणि नियमही वेगळे.) जानेवारी ते मार्च कळप दक्षिणेला न्दुतूच्या माळावर असतात आणि फेब्रुवारीच्या आसपास तिथे पिल्लांचा अक्षरशः पाऊस पडतो. मे-जूनमध्ये ते पश्चिमेकडून वर सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या अलीकडे-पलीकडे असतात.

साहजिकच जगभरातले लोक त्याच चार महिन्यांत मारात जमतात. त्याचा हिशेब बघा. 2024 पासून मारात परदेशी प्रौढ माणसाचं तिकीट जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. ऑगस्टमध्ये तीन दिवस जाल तर नुसत्या तिकिटाचेच 600 डॉलर, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या वर. गाडी, तंबू, जेवण, विमान सगळं वेगळं. आणि एवढं करून नदी ओलांडणं दिसेलच असं नाही. कळप काठावर तासन् तास उभा राहतो आणि कधी कधी तसाच मागे फिरतो. समोरच्या काठावर गाड्यांची रांग ताटकळत बसलेली.

त्या रांगेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण प्रश्न फक्त आपल्या फोटोत दुसऱ्याची गाडी येण्याचा नाही. मारात चित्त्यांचा अभ्यास करणाऱ्या फेमके ब्रुखहाउस यांचा एक शोधनिबंध 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात चित्त्याची मादी सरासरी दोनाहून जास्त पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत वाढवते, असं त्यांना आढळलं. जिथे गाड्यांची गर्दी जास्त, तिथे ही सरासरी 0.2. म्हणजे पाच माद्यांमागे एखादं पिल्लू. चित्ता बहुतेक शिकार दिवसाउजेडी करतो, म्हणजे नेमका आपल्या सफारीच्या वेळेत. एका मादीभोवती पंधरा गाड्या उभ्या राहिल्या तर तिची शिकार बिघडते, पिल्लांची ताटातूट होऊ शकते. हाच तो प्राणी, जो भारतातून नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं आणि जो 2022 मध्ये नामिबियातून आणि 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून विमानाने कुनोत आणावा लागला. आपण इकडे त्याच्या एकेका पिल्लाची बातमी करतो. तिकडे जाऊन ड्रायव्हरला 'भैया, और पास लो' म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, असा नियम मारातही आहे. तो पाळला जातो की नाही, हे बऱ्याचदा मागच्या सीटवरून कोण काय ओरडतंय यावर ठरतं.

मग मारा बादच करायचं का? मुळीच नाही. जूनमध्ये जा. पाऊस ओसरलेला असतो, 30 जूनपर्यंत तिकीट निम्मं असतं, आणि सिंह, बिबटे, हत्ती, जिराफ, तरस हे काही कळपाबरोबर ये-जा करत नाहीत, ते तिथलेच रहिवासी आहेत. मोठे कळप बहुधा तेव्हा सेरेंगेटीतच असतात, हे मनाशी धरून जायचं. बजेट थोडं ताणता येत असेल तर रिझर्व्हला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सी बघा: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी तिथे भाड्याने दिल्या आहेत आणि दर महिन्याला त्यांना ते भाडं मिळतं. खाटा मोजक्या, त्यामुळे गाड्याही मोजक्या. महाग आहे, पण तुमचे पैसे कुठे जातात ते तरी कळतं.

आता खरं विद्यार्थ्यांचं पार्क. क्रुगर, दक्षिण आफ्रिका. 1926 साली स्थापन झालेलं, उत्तर-दक्षिण साधारण 350 किलोमीटर लांब आणि क्षेत्रफळ सुमारे 19,500 चौरस किलोमीटर. आपल्या ताडोबाच्या कोअरसारखी तीस जंगलं त्यात मावतील. पण मोठेपणापेक्षा महत्त्वाचं हे की इथे जिप्सी, गाईड, सकाळची फेरी-दुपारची फेरी असलं काही बंधन नाही. जोहान्सबर्गला साधी हॅचबॅक भाड्याने घ्यायची, चार-पाच तास चालवायची आणि गेटवर तिकीट काढून आत शिरायचं. मुख्य रस्ते डांबरी आहेत. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, त्यामुळे आपल्याला गोंधळ नाही. इंग्रजीत छापलेलं आणि फोटो-सही असलेलं भारतीय लायसन्स चालतं. मात्र गाडी देणाऱ्या कंपन्या वयाची अट घालतात, बहुधा 21 किंवा त्याहून जास्त. ग्रुपमधला सगळ्यात मोठा कोण, ते आधीच बघून ठेवा.

खर्चाचं गणित इथे बदलतं. गाडीचं भाडं चौघांत वाटलं जातं. मुक्काम सरकारी रेस्ट कॅम्पमध्ये: तंबूची जागा घ्या किंवा साधी झोपडी. कॅम्पात दुकान असतं, सामाईक स्वयंपाकघर असतं आणि बाहेर कोळशावर भाजायची सोय. तिथे त्याला 'ब्राय' म्हणतात. पण संध्याकाळ होताच सगळी तिथे जमतात हे बघितलं की आपली हुरडा पार्टी आठवते. मॅगी आणि खिचडीवर आठवडा सहज निघतो.

नियम मात्र कडक. डांबरी रस्त्यावर 50, मातीच्या रस्त्यावर 40 किलोमीटरच्या वर जायचं नाही. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून रील करायचं नाही. सूर्यास्ताच्या सुमारास गेट बंद होतं. उशिरा पोचलात तर दंड. आणि इथेही गेटचाच प्रश्न येतो! एवढ्या मोठ्या जंगलात सगळीकडे सारखी जनावरं नसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दक्षिण भाग धरावा. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता आणि पुढे साटाराभोवतालचं गवताळ रान, एवढं पाच-सहा दिवसांना पुरून उरतं. उत्तरेचं पुंडा मारिया सुंदर आहे, पण ते पक्षीवाल्यांसाठी आणि दुसऱ्या खेपेसाठी. कॅम्पचं बुकिंग जवळपास वर्षभर आधी सुरू होतं आणि स्थानिक शाळांच्या सुट्ट्यांत जागा मिळत नाही, तेव्हा तारखा ताडून बघा.

एक विनंती. क्रुगरमध्ये गेंडा दिसला तर फोटोबरोबर लोकेशन टाकू नका. शिंगांसाठी गेंडे मारणाऱ्या टोळ्यांचा त्रास या जंगलाने वर्षानुवर्षं भोगलाय आणि स्टोरी कोण बघतंय ते आपल्याला कळत नाही.

क्रुगरमध्ये मलेरियाची थोडी भीती असते, औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं. घरच्यांचा त्यावरूनच विरोध असेल तर त्याच देशात खाली आडो एलिफंट नॅशनल पार्क आहे, तिथे मलेरिया नाही. 1931 मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्या भागात अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत.

ऑक्टोबरची दिवाळी हाती लागली तर मी क्रुगरच्याही आधी नामिबियातल्या इटोशाचं नाव घेईन. मधोमध साधारण 4,800 चौरस किलोमीटरचं मिठाचं पांढरंफटक पठार आणि कडेकडेने पाणवठे. इथे जनावराच्या मागे गाडी पळवायची नसते. पाणवठ्याशी गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. दुपारी बारा वाजताही हत्ती, झेब्रे, ओरिक्स, कुडू पाळीपाळीने येत राहतात. ओकाउकुएयो कॅम्पच्या कुंपणाला लागूनच एक पाणवठा आहे, रात्री त्यावर मंद दिवे असतात. जेवण झालं की बाकावर जाऊन बसा, काळा गेंडा पाण्यावर येण्याची शक्यता इथे चांगली. इथेही स्वतःची गाडी चालते, रस्ते बहुतेक खडीचे, म्हणून सावकाश. मात्र 'बिग फाइव्ह'ची यादी पुरी करायचा हट्ट असेल तर इटोशा नको, इथे रानम्हशी नाहीत. तसं ती यादी बनवली शिकाऱ्यांनी. पायी माग काढून मारायला सगळ्यात अवघड कोण, त्याची ती यादी आहे. चित्ता, जिराफ, रानकुत्रा त्यात नाहीत. असल्या यादीपायी सुट्टीचे दिवस कशाला घालवायचे?

बोट्सवानाचा चोबे हत्तींसाठी, आणि तेही होडीतून. हत्ती पोहत नदी ओलांडतात आणि आपण पाण्याच्या पातळीवरून बघतो. पण पर्यटक कमी आणि दर चढे हेच त्या देशाचं धोरण आहे, त्यामुळे आतल्या ओकावांगोचा विचार नोकरी लागल्यावर करा. न्गोरोंगोरोचं विवर एकदा बघण्यासारखं आहे, पण एका दिवसाच्या वर नको. रवांडात गोरिलांबरोबरच्या एका तासाचं परमिट 1,500 डॉलरचं आहे, युगांडात 800. हा आकडा वाचून पुढे जाऊ.

स्वस्तात एक झलक हवी असेल तर नैरोबी नॅशनल पार्क विसरू नका. 117 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या पार्कपेक्षा किंचित मोठं, आणि तसंच शहराला चिकटून. सिंहाच्या मागे उंच इमारती दिसतात. गेंडे आहेत, हत्ती नाहीत. हत्तींसाठी अंबोसेली. तिथल्या हत्तींच्या कुटुंबांचा सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये सुरू केलेला अभ्यास अजून चालू आहे. मागे दिसणारं किलिमांजारो पहाटे आणि संध्याकाळीच ढगांतून बाहेर येतं, त्यामुळे धावती भेट देऊन उपयोग नाही, एक रात्र राहायलाच हवं.

केनियात स्वतः गाडी चालवण्यापेक्षा ग्रुपने ड्रायव्हरसकट गाडी घेणं सोपं पडतं. पैसे भरण्याआधी टूरवाल्याला चार गोष्टी लेखी विचारा. गाडीत एकूण किती जण आणि प्रत्येकाला खिडकी आहे का? पार्कचं तिकीट किमतीत धरलंय का, आणि कोणत्या तारखेच्या दराने? मुक्काम गेटच्या आत की बाहेर तासाभराच्या अंतरावर? प्रत्यक्ष जंगलात किती तास? 'तीन दिवस मारा' या पॅकेजमधला पहिला आणि तिसरा दिवस बराचसा नैरोबीच्या रस्त्यावर जातो, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आणि यलो फीव्हरची लस. केनियाहून परत येताना आपल्याच विमानतळावर तिचं सर्टिफिकेट मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दक्षिणेकडे नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तरी घेऊनच टाका. ती निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिथे अपॉइंटमेंट लगेच मिळेल याचा भरवसा नसतो. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. तेव्हा दुसऱ्या खेपेला इटोशा की क्रुगर, एवढाच वाद उरेल.