‘कधीतरी भेटूया’ ते ‘रविवारी दुपारी १२’: ऑनलाइन मित्रांसोबत हॉटेलात भेटायचा प्लॅन फोनवरून कसा करायचा?

गेमिंगच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा पुस्तकांच्या टेलिग्राम ग्रुपवर ओळख होते. वर्षभर रोज गप्पा चालतात. मग एक दिवस कोणीतरी टाकतं, “अरे, एकदा भेटूया की सगळे!” लगेच दहा अंगठे आणि पाच लाल बदाम येतात. आणि पुढे काहीच होत नाही.

यात दरवेळी आळसच असतो असं नाही. ‘बघतो’, ‘जमलं तर येते’, ‘कळवतो नंतर’ या उत्तरांमागे बऱ्याचदा तीन प्रश्न असतात. खर्च किती येईल? नक्की कोण कोण येणार? आणि घरी परत कसं जायचं? हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो. कॉलेजात शिकणारा मुलगा “माझ्याकडे चारशेच रुपये आहेत” असं ग्रुपवर लिहीत नाही, तो सरळ येत नाही. म्हणून चांगला प्लॅन म्हणजे कोणी विचारायच्या आधीच या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देणारा प्लॅन. त्यासाठी लागणारी सगळी साधनं तुमच्या फोनमध्ये आहेत. ती कशी वापरायची ते एकेक करून बघूया.

उदाहरणासाठी पुण्यातला ८ जणांचा ग्रुप घेऊ. कोणी पिंपरीचं, कोणी कोथरूडचं, कोणी कात्रजचं आणि एक जण लोणावळ्याहून येणार.

१. तारीख ठरवा: पोल टाका, पण पर्याय तीनच ठेवा

“कोणाला कधी जमेल?” असं मोकळं विचारलं की ८ जणांची ११ उत्तरं येतात. त्यापेक्षा पोल वापरा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडा, मेसेजच्या चौकटीजवळचं जोडणीचं चिन्ह दाबा (अँड्रॉइडवर पिन, आयफोनवर अधिकचं चिन्ह) आणि ‘पोल’ निवडा. पोलमध्ये १२ पर्यंत पर्याय देता येतात, पण तुम्ही तीनच द्या. एकापेक्षा जास्त उत्तरं देण्याची सोय चालू ठेवा. आपल्याला कोणाची आवडती तारीख कोणती हे नको आहे, कोणाला कोणकोणत्या दिवशी जमतं हे हवं आहे. कोणी कुठे मत दिलं हे पोलखाली दिसतं, त्यामुळे ज्यांनी अजून उत्तर दिलं नाही त्यांना वेगळा मेसेज करता येतो.

टेलिग्रामवर पोल करताना निनावी मतदानाचा पर्याय आधीपासून चालू असतो, तो बंद करा. नाहीतर ‘५ मतं’ दिसतील, पण ती कोणाची हे कळणार नाही.

पोल टाकण्याआधी कॅलेंडर एकदा बघा. संकष्टी आली आहे का? श्रावण चालू आहे का? परीक्षा आहेत का? आणि पोलसोबत मुदत लिहा: “गुरुवारी रात्री ९ ला जो दिवस पुढे असेल तो फायनल.” मुदत संपली की चर्चा बंद. ज्याने पोल टाकला त्यानेच निर्णय जाहीर करायचा. प्लॅनला एक मालक लागतो, दोन असले की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

तारीख ठरली की व्हॉट्सॲपमध्येच ‘इव्हेंट’ तयार करा. २०२४ मध्ये ही सोय आधी कम्युनिटीजमध्ये आली आणि नंतर साध्या ग्रुपमध्येही. नाव, वेळ, जागा टाकली की प्रत्येकाला येणार की नाही हे तिथेच सांगता येतं. दोनशे मेसेजखाली गाडलेली वेळ शोधत बसावं लागत नाही.

२. जागा ठरवा: परतीच्या रस्त्यापासून सुरुवात करा

कुठे काय छान मिळतं हा नंतरचा प्रश्न. आधी बघा, सगळ्यात लांबून येणारा माणूस घरी कसा जाणार?

आपल्या उदाहरणात डेक्कनच्या आसपासची जागा सोयीची पडते. कोथरूडकडचा माणूस वनाज–रामवाडी मार्गाच्या मेट्रोने थेट डेक्कन जिमखाना स्टेशनवर उतरेल. पिंपरीचा माणूस सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलेल. कात्रजची मैत्रीण बसने स्वारगेटला येऊन तिथून मेट्रो घेईल. लोणावळ्याचा मित्र लोकलने शिवाजीनगरला उतरेल. त्याच्या परतीच्या लोकलची वेळ बघून बाकीचा कार्यक्रम आखायचा. दुपारी १२ ला जमायचं ठरवलं तर कोणाचीच शेवटची गाडी चुकत नाही.

गूगल मॅप्सवर हॉटेल उघडलं की गर्दीच्या वेळांचा आलेख दिसतो. ज्यांनी आपल्या लोकेशनची नोंद ठेवायला परवानगी दिली आहे, त्यांच्या फोनवरून एकत्रित आणि निनावी माहिती घेऊन हा आलेख बनतो. रविवारी १ वाजता सगळ्यात उंच दांडा दिसला तर १२ ला जमा, ८ जणांना एकत्र बसायला टेबल मिळण्याची शक्यता वाढते. रिव्ह्यू बघताना सगळ्यात नवे आधी येतील असं लावून घ्या, आणि मेनूकार्डाचा फोटो कधीचा आहे तेही तपासा. तीन वर्षांपूर्वीच्या दरांवर बजेट काढलं तर बिल आल्यावर तोंडं उतरतात.

मॅप्सवरचं हे सगळं बघितल्यावर एक फोनही करा: “रविवारी १२ वाजता ८ जण येतोय, टेबल राखून ठेवता का?”

३. नंबर किती जणांना द्यायचा?

डिस्कॉर्डवर किंवा टेलिग्रामवर भेटलेल्या मित्रांसाठी भेटीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला की एक गोष्ट गुपचूप घडते. सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात. कोणाला हे चालेल, कोणाला नाही. म्हणून ग्रुप काढण्याआधी विचारा. नसेल चालत तर जिथे ओळख झाली तिथेच प्लॅनिंग करा.

टेलिग्रामवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात फोन नंबर कोणाला दिसावा हे ठरवता येतं, तिथे ‘नोबडी’ निवडा. व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो फक्त आपल्या कॉन्टॅक्ट्सना दिसेल असं करता येतं. तुम्हाला ग्रुपमध्ये कोण थेट जोडू शकतं, हेही तिथेच ठरवता येतं.

यूपीआयचंही लक्षात असू द्या. अनेकांच्या यूपीआय आयडीत मोबाईल नंबरच असतो, आणि पैसे पाठवताना समोरच्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं. ‘शॅडोवुल्फ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मित्राचं पूर्ण नाव बिल वाटून घेताना उघड होतं! नंबर लपवायचा असेल तर तुमच्या ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवता येतो का ते आधी बघून ठेवा. नाव मात्र दिसणारच.

४. खर्च आधी सांगा, बिल नीट वाचा

सगळ्यात जास्त लोक इथेच गळतात. म्हणून प्लॅनच्या मेसेजमध्येच लिहा: “अंदाजे खर्च माणशी ४०० ते ४५०. ज्याने जे खाल्लं त्याचे त्याने द्यायचे.” दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ज्याला फक्त कॉफी आणि बन मस्का घ्यायचा आहे, त्याला कळतं की दुसऱ्याच्या पनीर टिक्क्याचे पैसे आपल्याला भरायचे नाहीत.

आता बिलाचा हिशोब बघू. समजा ८ जणांचं खाणं ३,२०० रुपयांचं झालं. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, बिलावर तो अडीच-अडीच टक्के अशा दोन ओळींत दिसतो. म्हणजे १६० रुपये. एकूण ३,३६०, माणशी ४२०.

त्यात कोणी १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर? ३२० रुपये वाढले. त्या वाढलेल्या रकमेवर जीएसटी धरला तर बिल ३,६९६ वर जातं, म्हणजे माणशी ४६२. हा चार्ज सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला तो बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा शांतपणे सांगा, “हा चार्ज काढून द्या.” ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वेटरचं काम आवडलं तर टिप तुमच्या मनाने द्या.

पैसे वाटून घ्यायला दोन सोपे मार्ग आहेत. एक, प्रत्येकाने हॉटेलच्या क्यूआर कोडवर आपला वाटा भरायचा. बिल मागायच्या आधी काउंटरवर विचारा, चालेल का. दोन, एकाने सगळं भरायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाठवायचं. यासाठी स्प्लिटवाइजसारख्या ॲपमध्ये प्रत्येकाची वेगळी रक्कम टाकता येते. कोणाकडे किती बाकी हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे मागत फिरावं लागत नाही. टेबलवरून उठायच्या आधीच हिशोब संपवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत.

५. सुरक्षितता: संशय नको, सवय हवी

वर्षभर रोज बोलणारा माणूस ओळखीचा वाटतो, पण आपल्याला त्याचं फक्त टायपिंग माहीत असतं. म्हणून पहिली भेट दिवसा, गजबजलेल्या जागी आणि शक्यतो घोळक्याने ठेवा. आधी १० मिनिटांचा ग्रुप व्हिडिओ कॉल करा. चेहरे ओळखीचे होतात आणि कोण कोण येणार हा दुसरा प्रश्नही सुटतो.

लाइव्ह लोकेशन वापरताना थोडं डोकं लावा. व्हॉट्सॲपवर ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असं पाठवता येतं. घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला ८ तासांचं पाठवा. भेटीच्या ग्रुपवर मात्र घरातून निघतानाच चालू करू नका, कारण सगळ्यांना तुमचं घर कुठे आहे ते दिसेल. मेट्रोतून उतरलात की १५ मिनिटांचं पाठवा, तेवढं पुरतं.

एकटा माणूस, तोही पहिल्याच भेटीला, एका ठरावीक हॉटेलचाच हट्ट धरत असेल तर सावध व्हा. डेटिंग ॲपवर ओळख वाढवून एखाद्या कॅफेत बोलवायचं आणि हजारो रुपयांचं बिल गळ्यात मारायचं, असे प्रकार दिल्ली आणि मुंबईत पोलिसांपर्यंत गेले आहेत. जागा तुम्हीही सुचवा, आणि ऑर्डर द्यायच्या आधी मेनूतले दर बघा. अडचण आली तर ११२ वर फोन करा.

ग्रुप फोटो काढण्याआधी विचारा, टॅग करण्याआधीही विचारा. स्टोरी टाकायची तर तिथून निघाल्यावर टाका. आणि वय १८ पेक्षा कमी असेल तर घरच्यांना सांगितल्याशिवाय जायचंच नाही.

६. हा मेसेज कॉपी करा, तुमचे तपशील भरा

“रविवारी दुपारी १२ ते ३, डेक्कनला भेटतोय. हॉटेलचं लोकेशन खाली आहे. आतापर्यंत ६ जण नक्की, नावं इव्हेंटमध्ये बघा. खर्च माणशी ४०० ते ४५०, ज्याचे त्याने द्यायचे. व्हेज आणि उपवासाचं दोन्ही मिळतं. ३ वाजता सगळे मेट्रो स्टेशनपर्यंत एकत्र चालत जाऊ. लवकर निघायचं असेल तर बिनधास्त निघा. शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत हो किंवा नाही सांगा, नाही म्हटलं तरी राग नाही.”

या मेसेजमध्ये खर्च, माणसं आणि परतीचा रस्ता या तिन्हींची उत्तरं आहेत. तो गेल्यावर येणारी ‘बघतो’ची उत्तरं कमी होतील. आणि जो कोणी ‘नाही’ म्हणेल, त्याला पुढच्या वेळी पुन्हा बोलवा. कदाचित त्याचा प्रश्न या तिन्हींपेक्षा वेगळाच असेल.