कसायला दिली, पण नावावर नाही! चिनाब कालव्यावरच्या शेतकऱ्यांची १९०७ ची लढाई

शेतकरी बंधूंनो, समजा सरकारने तुम्हाला माळरान दिले. तुम्ही गाव सोडून तिथे गेलात, झाडोरा तोडला, सऱ्या-वरंबे घातले, घर बांधले, पंधरा वर्षे राबून जमीन पिकाऊ केली. मग एक दिवस सरकार म्हणाले, 'जमीन आमची, तुम्ही नुसते कूळ, आणि अटीही आता नव्या.' तर तुम्ही काय कराल? पंजाबातल्या हजारो शेतकऱ्यांवर १९०७ साली हीच वेळ आली. त्यांनी काय केले ते जाणून घेण्यासारखे आहे.

माळाचे शिवार झाले

चिनाब आणि रावी या दोन नद्यांच्या मधला मुलूख म्हणजे 'बार'. पाऊस तोकडा, जमीन कसदार, पण वस्ती गुरे राखणाऱ्या भटक्या लोकांची. इंग्रज सरकारने खानकी येथे बंधारा घालून १८९२ मध्ये लोअर चिनाब कालवा सुरू केला आणि ही सारी जमीन सरकारी पड म्हणून ताब्यात घेतली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे चारणाऱ्यांच्या चराईचे काय, हा प्रश्न मागेच पडला.

मग अमृतसर, जालंधर, होशियारपूर, गुरदासपूर, सियालकोट अशा दाट वस्तीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणून बसवले. त्यांना 'आबादकार' म्हणत. शीख, मुसलमान, हिंदू असे सगळे होते. फौजेतून निवृत्त झालेलेही पुष्कळ. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले होते, एक तुकडा साधारण २८ एकरांचा. गावांना नावांऐवजी 'चक' आणि पुढे नंबर. वसाहतीचे मुख्य ठिकाण लायलपूर, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले फैसलाबाद. १९०१ च्या शिरगणतीत या वसाहतीची वस्ती जवळपास ८ लाख भरली. गहू आणि कापूस रेल्वेने कराचीला जाऊ लागला.

गोम होती ती कागदात

जमीन घेताना लिहून दिलेल्या अटी बऱ्याच होत्या. गावातच राहायचे, घर नेमून दिलेल्या जागीच बांधायचे, परवानगीवाचून झाड तोडायचे नाही, स्वच्छता पाळायची. बड्या जमीनदारांना आणि पैसेवाल्यांना काही वर्षांनी जमीन विकत घेऊन मालक होता येई. साध्या शेतकऱ्याला मात्र भोगवटा तेवढा. तो कायम सरकारचा कूळ.

आता सरकारची बाजूही ऐकून घ्या. जमिनीचे तुकडे पडू नयेत, गाव स्वच्छ राहावे, जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हे हेतू वाईट म्हणता येणार नाहीत. पण नियम राबवणारा कोण? खालचा कर्मचारी. झाड तोडले, दंड. मालक गावाला गेला, दंड. उकिरडा चुकीच्या जागी, दंड. दंड टाळायचा तर हात ओले करा. वसाहतीत लाचखोरी माजली होती आणि वरच्या साहेबापर्यंत तक्रार पोचणे मुश्कील होते.

त्यातच १९०५ च्या सुमारास बोंडअळीने कापूस खाल्ला आणि प्लेगची साथ घरेच्या घरे रिकामी करत होती. अशा वेळी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, पंजाब सरकारने सरकारी जमिनींच्या वसाहतीचे नवे विधेयक आणले.

त्यात काय होते? वारसाहक्क थोरल्या मुलाकडे जायचा, धाकट्यांनी वाट शोधावी. मृत्युपत्राने जमीन देता येणार नाही. घर, झाडे, स्वच्छता यांच्या अटी मागील तारखेपासून लावता येतील. दंडाला कायद्याचा आधार मिळेल. आणि सगळ्यात जाचक कलम म्हणजे, साहेबाच्या हुकमाविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. नेमक्या त्याच सुमारास बारी दोआब कालव्याची पाणीपट्टीही वाढवली गेली. म्हणजे अमृतसर-लाहोरकडचा जुना शेतकरीही खवळला.

अर्ज, सभा आणि पगडी

आबादकारांनी पहिल्यांदा दगड उचलला नाही, कागद उचलला. सभा भरवल्या, ठराव केले, सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. 'जमीनदार' या वर्तमानपत्राचे संपादक सिराजुद्दीन अहमद यांनी त्यांची गाऱ्हाणी छापली. म्हणणे साधे होते. आम्हाला ज्या बोलीवर आणले ती बोली पाळा. मूळ गावची जमीन आणि भाऊबंद सोडून आम्ही इथे आलो, आता खेळ मांडल्यावर नियम बदलू नका.

सरकारने ऐकले नाही. कायदेमंडळात शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, सगळे सभासद नेमलेले. १९०७ च्या सुरुवातीला विधेयक पास झाले.

मग मार्च महिन्यात लायलपूरच्या गुरांच्या बाजाराच्या वेळी मोठी सभा भरली. लाला लजपतराय आणि सरदार अजितसिंग बोलले. 'झंग सियाल' पत्राचे संपादक बांकेदयाल यांनी 'पगडी संभाल जट्टा' हे गीत म्हटले आणि चळवळीला तेच नाव पडले. पगडी म्हणजे शेतकऱ्याची अब्रू. मे महिन्यात रावळपिंडीला दंगल उसळली. लेफ्टनंट गव्हर्नर इबेट्‌सन यांना यात बंडाचा वास आला. ९ मे रोजी लजपतरायांना आणि पुढे अजितसिंगांना चौकशीशिवाय ब्रह्मदेशात मंडालेला धाडले. त्याच मंडालेला पुढच्या वर्षी आपले लोकमान्य टिळक गेले.

आणि सरकार नमले

पुढारी दूर नेले तरी गाऱ्हाणे जागच्या जागी होते. फौजेतले कितीतरी शिपाई याच शेतकऱ्यांच्या घरचे. घरून आलेल्या पत्रात शेताची रड असेल तर शिपायाचे मन पलटणीत कसे राहील, ही चिंता सरकारला होतीच. २६ मे १९०७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी कायद्याला मंजुरी नाकारली. पाणीपट्टीची वाढही थांबली. नोव्हेंबरमध्ये दोघे पुढारी सुटले.

पुढे वसाहतींच्या तक्रारी तपासायला कमिटी बसली आणि १९१२ मध्ये नवा कायदा झाला. किंमत भरून मालक होण्याची वाट साध्या शेतकऱ्यालाही मोकळी झाली. भगतसिंग यांचा जन्म सप्टेंबर १९०७ चा, याच वसाहतीतल्या बंगा गावचा. अजितसिंग त्यांचे चुलते. २०२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी २३ फेब्रुवारीला 'पगडी संभाल दिवस' पाळला तो याच अजितसिंगांच्या आठवणीने.

आपण काय घ्यायचे?

आपल्याकडेही कितीतरी सातबाऱ्यांवर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो. ती जमीन सरकारने अटींवर दिलेली असते आणि परवानगीवाचून विकता येत नाही. तेव्हा जमीन वाटपाचा मूळ आदेश जपून ठेवा, त्यातल्या अटी एकदा कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, घरातल्या पोरांनाही सांगा. तक्रार करायची तर लेखी करा आणि पोच घ्या. एकट्याने कचेरीचे उंबरे झिजवण्यापेक्षा दहा जणांनी मिळून जा.

आणि तलाठीभाऊ, ग्रामसेवकभाऊ, तुमच्यासाठीही यात दोन शब्द आहेत. लायलपूरची ठिणगी पडली ती खालच्या कचेरीतल्या दंडाने आणि चिरीमिरीने. अर्ज वेळच्या वेळी वर गेला असता आणि त्याला सरळ उत्तर मिळाले असते, तर पगडी सांभाळायची हाक देण्याची वेळ कदाचित आलीच नसती.